जुन्या गेम कन्सोलसाठी टीव्ही आणि केबल: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुना गेम कन्सोल हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टीव्ही कोणता घेऊ? जाड पाठीचा जुना शोधू, की घरातल्या सपाट टीव्हीवर भागेल? माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी कन्सोल फिरवून त्याची पाठ बघा. तिथल्या सॉकेटमधून जे चित्र बाहेर पडतं, त्याहून चांगलं चित्र कुठल्याच टीव्हीवर मिळणार नाही. वाटेत केबलने जे गमावलं, तेही टीव्हीला परत आणता येत नाही. म्हणून आधी कन्सोल, मग केबल आणि सगळ्यात शेवटी टीव्ही.

मी हे नेमकं उलट केलं होतं. आधी मोठा सपाट टीव्ही आणला. मग पहिल्या पिढीचा प्लेस्टेशन जोडायला एक केबल घेतली, एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. पडदा काळाच राहिला. दोन दिवस मी कन्सोल गेला असं धरून चाललो होतो. कन्सोल ठणठणीत होता, ती केबल चालणंच शक्य नव्हतं. जुन्या कन्सोलमधून येणारा सिग्नल अॅनालॉग असतो, एचडीएमआय डिजिटल. मधे रूपांतर करणारी चिप आणि तिला लागणारी वीज नसेल, तर नुसत्या तारेने ते काम होत नाही. अशा केबली आजही सर्रास विकल्या जातात. दोन टोकांच्या मधे डबी नाही आणि वीजपुरवठ्याची वायरही नाही, अशी केबल दिसली तर घेऊ नका.

आधी २४०पी म्हणजे काय ते समजून घ्या

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचं मूळ इथेच आहे. त्यामुळे घाई करू नका.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, म्हणजे सीआरटीत, इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ ओढत वरून खाली येतो. एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या प्रसारण पद्धतीत एका पूर्ण चित्राच्या ५२५ ओळी असतात, पाल या युरोपातल्या बहुतेक देशांच्या पद्धतीत ६२५. पण प्रसारणात पूर्ण चित्र एकदम पाठवत नाहीत. आधी एकाआड एक अशा विषम ओळी आणि मग त्यांच्या मधल्या सम ओळी, असं दोन हप्त्यांत पाठवतात. एनटीएससीत असे अर्धे हप्ते सेकंदाला साधारण ६०, पालमध्ये ५०. याला इंटरलेसिंग म्हणतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कन्सोलांनी यात एक क्लृप्ती केली. सिग्नलची वेळ किंचित बदलून त्यांनी झोताला प्रत्येक हप्त्यात त्याच त्या ओळींवरून फिरवलं. मग मधल्या ओळी काळ्याच राहतात. चित्र २४० ओळींचं होतं, पण सेकंदाला ६० वेळा पूर्ण रंगवलं जातं आणि अजिबात थरथरत नाही. हेच २४०पी. जुन्या गेमच्या चित्रात दिसणाऱ्या बारीक काळ्या आडव्या रेषा इथूनच येतात.

सीआरटीला यात काही वावगं वाटत नाही, सिग्नल जसा येतो तसा तो रंगवतो. सपाट टीव्हीची गाडी मात्र इथे अडते. आतल्या प्रोसेसरला २४०पी माहीतच नसेल, तर तो त्याला नेहमीचा ४८०आय, म्हणजे ४८० ओळींचा इंटरलेस केलेला सिग्नल समजतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांना एकाच चित्राचे दोन अर्धे धरून एकत्र विणतो. याचा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल, तर गेममधल्या नायकाला मार खाऊ द्या. मार बसल्यावर तो लुकलुकतो, कारण गेम त्याला एका फ्रेममध्ये काढतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काढत नाही. सीआरटीवर ते लुकलुकणं स्वच्छ दिसतं. चुकीचं विणणाऱ्या सपाट टीव्हीवर तो आडव्या पट्ट्यांनी चिरलेला दिसतो, कधी तर पूर्णच गायब होतो.

पहिली पायरी: कन्सोल काय देऊ शकतो?

आरएफ, कंपोझिट, एस-व्हिडिओ, आरजीबी आणि कंपोनंट ही चित्र बाहेर पाठवण्याच्या पद्धतींची नावं आहेत, कोणती काय ते दुसऱ्या पायरीत येईल. अटारी २६०० (१९७७) मधून फक्त आरएफ निघतं, म्हणजे अँटेनाच्या सॉकेटमध्ये लावायचा सिग्नल. निन्टेन्डोचा जपानमधला मूळ फॅमिकॉम (१९८३) तसाच. त्याचंच अमेरिकेतलं रूप असलेल्या पहिल्या एनईएसला कंपोझिटही मिळालं. पण या दोन्ही निन्टेन्डोंच्या चित्राच्या चिपमध्ये आरजीबी तयारच होत नाही, त्यामुळे आतले भाग बदलल्याशिवाय कितीही महागडी केबल लावली तरी उपयोग शून्य.

मेगा ड्राइव्ह (१९८८) कंपोझिट आणि आरजीबी देतो, एस-व्हिडिओ देत नाही. पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटमधून आवाज मोनो येतो, स्टिरिओ हवा तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर घ्यावी लागते. हे ठाऊक नसल्याने अनेक जण वर्षानुवर्षं त्या गेमचं संगीत अर्धंच ऐकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सुपर फॅमिकॉम, म्हणजे एसएनईएस (१९९०), कंपोझिट, एस-व्हिडिओ आणि आरजीबी तिन्ही देतो. मात्र नंतर आलेल्या त्याच्या लहान आकाराच्या मॉडेलमधून शेवटचे दोन काढून टाकले होते. प्लेस्टेशन आणि सॅटर्न (दोन्ही १९९४) तिन्ही देतात. निन्टेन्डो ६४ (१९९६) कंपोझिटच्या पुढे फार तर एस-व्हिडिओपर्यंत जातो, आरजीबी हवं तर आत सोल्डरिंग.

त्यानंतरचे कन्सोल सोपे आहेत. ड्रीमकास्ट (१९९८) बहुतेक गेम व्हीजीएमधून, म्हणजे संगणकाच्या मॉनिटरच्या जोडणीतून, ४८०पी दाखवतो, म्हणजे ४८० ओळी हप्त्यांशिवाय एकदम. प्लेस्टेशन २ (२०००), पहिला एक्सबॉक्स (२००१) आणि वी (२००६) कंपोनंट देतात. गेमक्यूबच्या (२००१) सुरुवातीच्या मॉडेलांवर कंपोनंटसाठी वेगळं डिजिटल सॉकेट आहे, पण त्याच्या मूळ केबलच्या आतच एक चिप होती, त्यामुळे ती दुर्मीळ आहे.

याच पायरीवर कन्सोल कोणत्या देशासाठी बनलाय तेही बघा. जपानी आणि अमेरिकी कन्सोल ६० हर्ट्झवर चालतात, युरोपीय ५० वर. पालवर त्या काळचे बरेच गेम नुसते हळू केलेले असायचे, सहातला एक भाग वेग कमी आणि वर-खाली काळ्या पट्ट्या. निवडीला वाव असेल तर ६० हर्ट्झचाच घ्या. विजेकडेही लक्ष द्या. जपानी अॅडाप्टर १०० व्होल्टसाठी असतो, अमेरिकी १२० साठी. २२०-२४० व्होल्टच्या बोर्डात तो थेट घातला तर जळतो, कधी कन्सोललाही घेऊन जातो.

दुसरी पायरी: केबल

या पायऱ्यांमधली सगळ्यात महत्त्वाची हीच.

आरएफमध्ये चित्र आणि आवाज एकत्र करून रेडिओलहरीवर चढवतात आणि टीव्ही ते पुन्हा उतरवतो. त्यात मुंग्या, भुतं, खरखर, सगळं येतं. दुसरा पर्याय नसेल तरच वापरा.

कंपोझिट म्हणजे पिवळी पिन. उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेतून जातात, आणि टीव्हीला ते वेगळे काढावे लागतात. ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. लाल रंगाच्या कडा फिसकटतात, अक्षरांच्या कडेने ठिपके सरपटतात.

तरीही कंपोझिटला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. १९९१ च्या सॉनिकमध्ये पहिल्याच ग्रीन हिल झोनमधला धबधबा बघा. मेगा ड्राइव्हला पारदर्शकपणा दाखवता येत नव्हता, म्हणून चित्रकारांनी एक उभी रेघ पाण्याची आणि एक रेघ मोकळी अशी रचना केली. आरजीबी केबलवर त्या रेघा फणीच्या दातांसारख्या सुट्या सुट्या दिसतात. पिवळ्या पिनवर कडा एकमेकींत मिसळतात आणि पाण्यातून मागचा डोंगर दिसू लागतो. चित्र काढणाऱ्यांनी ती पुसट केबल गृहीत धरूनच काम केलं होतं. मेगा ड्राइव्हवर दोन्ही केबली ठेवाव्यात असं माझं मत त्यामुळेच झालं.

एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून जातात. चार बारीक पिनांचा गोल प्लग, तो वाकडा घातला तर पिना वाकतात. माझ्या अनुभवात डोळ्यांना जाणवणारी सगळ्यात मोठी सुधारणा कंपोझिटवरून एस-व्हिडिओवर येताना होते. त्यापुढचं आरजीबी आणखी स्वच्छ आहे, पण ती उडी लहान आहे. एसएनईएस किंवा प्लेस्टेशन असेल आणि टीव्हीला एस-व्हिडिओचं सॉकेट असेल, तर पहिल्या दिवशी तेवढंच करा आणि खेळायला बसा. एस-व्हिडिओत आवाज नसतो, त्यासाठी पांढरी-लाल पिन वेगळी लावावी लागते, हे मात्र विसरू नका.

आरजीबीमध्ये लाल, हिरवा आणि निळा तीन तारांतून येतात आणि ओळ कधी सुरू करायची ते सांगणारा सिंक सिग्नल चौथ्यातून. घरगुती टीव्हीत हे स्कार्ट नावाच्या २१ पिनांच्या रुंद प्लगमधून येतं. स्कार्ट फ्रान्समधलं आणि युरोपात घरोघरी पोचलेलं. उत्तर अमेरिकेत विकलेल्या टीव्हींवर ते जवळपास नसतंच.

स्कार्टच्या बाबतीत तीन धोके नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर नुसतं चित्र बिघडत नाही, वस्तू बिघडते. एक, जपानी २१ पिनांचा आरजीबी प्लग दिसायला हुबेहूब स्कार्टसारखाच असतो, पण आतली जोडणी वेगळी आहे. तो युरोपीय सॉकेटमध्ये बसतो, पण बसवू नका. दोन, पाल एसएनईएसच्या मागच्या सॉकेटमध्ये एका पिनेवर १२ व्होल्ट येतात, आणि एनटीएससी एसएनईएसमध्ये त्याच पिनेवर सिंक सिग्नल असतो. एनटीएससीसाठी बनवलेली सिंकची केबल पाल कन्सोलला लावली तर ते १२ व्होल्ट थेट टीव्हीच्या किंवा कन्व्हर्टरच्या सिंकवर जातात. तीन, मेगा ड्राइव्हसारख्या कन्सोलचा सिंक सिग्नल जोरकस असतो. केबलमध्ये त्याला आवर घालणारा रेझिस्टर नसेल, तर टीव्ही कुरकुर करणार नाही कदाचित, पण नाजूक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. म्हणून विक्रेत्याला ‘कोणत्या कन्सोलची, पाल की एनटीएससी, सिंक कुठून घेतलाय’ हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.

कंपोनंट म्हणजे हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना चित्राच्या, शिवाय पांढरी आणि लाल आवाजाची. म्हणजे लाल पिना दोन. चित्रातला लाल रंग गायब असेल किंवा एका बाजूने आवाज येत नसेल, तर या दोन लाल पिनांची अदलाबदल झालीय का ते आधी बघा. प्लेस्टेशन २ मध्ये मेनूत जाऊन व्हिडिओ आउटपुट आरजीबीऐवजी कंपोनंट करावं लागतं. तसं केलं नाही तर रंग भलतेच दिसतात आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

केबलच्या दर्जाचं म्हणाल तर सोन्याच्या मुलाम्याकडे बघू नका. आत प्रत्येक सिग्नलच्या तारेवर स्वतंत्र जाळी आहे का, ते विचारा. सगळ्या तारा एकाच वेष्टनात गुंडाळलेल्या असतील तर पांढरा पडदा आला की स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत झिरपतो. दीड-दोन मीटर लांबी पुरते.

तिसरी पायरी: टीव्ही कोणत्या जातीचा?

आता टीव्हीकडे वळू. कन्सोल पहिल्या प्लेस्टेशनच्या पिढीपर्यंतचा असेल, जागा असेल आणि वजन उचलायला दोन माणसं असतील, तर सीआरटी घ्या. चित्राखेरीज त्याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे उशीर. सीआरटी सिग्नल साठवत नाही, ओळ आली की ओढली. सपाट टीव्ही आधी पूर्ण फ्रेम घेतो, तिच्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. पाच-सहा फ्रेमचा उशीर झाला, तर बटण दाबलेलं असूनही नायक खड्ड्यात पडतो. नव्याने खेळणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. या एका कारणाने किती जणांनी चांगले गेम सोडून दिले असतील, कोण जाणे.

दुसरं कारण बंदुकीचं. एनईएसच्या झॅपरचा घोडा ओढला की गेम पडदा क्षणभर काळा करतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड अगदी ठरलेल्या वेळेत आला का ते तपासतो. सपाट टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, शिवाय संवेदकाला हव्या त्या लयीत चमकत नाही. डक हंटमधलं एकही बदक पडत नाही.

कन्सोल ड्रीमकास्ट किंवा त्यानंतरचा असेल, तर २४०पीची अडचण बहुतेक येत नाही, त्यामुळे सपाट टीव्हीवरही बऱ्यापैकी निभावतं. तुम्ही तिथेच असाल तर पुढची पायरी गाळून थेट पाचवीवर जा.

चौथी पायरी: सीआरटी पारखून घेणं

आकाराचं आधी. २० किंवा २१ इंची टीव्ही मला सगळ्यात योग्य वाटतो. २४० ओळी त्या पडद्यावर दाट बसतात आणि दोन माणसांना तो हलवता येतो. २९ इंची टीव्ही ४० किलोच्या आसपास किंवा वरच जातो, आणि जवळून बघितलं तर ओळी विरळ दिसतात. एकट्याने टेबलावर खेळायचं असेल तर १४ इंचीही फार गोड दिसतो.

पडद्याच्या चौकटीवर ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेलं दिसलं तर नको म्हणा. असे टीव्ही चित्र आत साठवून दुप्पट वेगाने दाखवतात, म्हणजे सीआरटी असूनही उशीर आलाच, आणि बंदूकही चालत नाही. शेवटच्या काळात आलेल्या हाय डेफिनिशन सीआरटींचंही साधारण तसंच. ज्यांना लोक नव्या जमान्याचे म्हणून जास्त मानतात तेच इथे कमी कामाचे ठरतात.

पाहायला जाताना स्वतःचा कन्सोल, केबल आणि तोंडपाठ असलेला एक गेम सोबत न्या. विक्रेत्याने लावलेल्या सिनेमावर काहीच कळत नाही.

थंड टीव्ही सुरू करायला सांगा, आधीपासून तापवून ठेवलेला नको. सुरू होताना ‘ठुंग’ असा दबका आवाज येतो, ती पडद्यावरचं चुंबकत्व घालवणारी कॉइल, म्हणजे चांगलंच लक्षण. चित्र यायला फार वेळ लागला, अंधूक आलं किंवा उजळ भागामागे शेपटासारखा ओघळ दिसला, तर ट्यूब दमलेली आहे. अशा ट्यूबवर वेळ घालवू नका.

मग पूर्ण पांढरा पडदा येईल असं काही लावा. कोपऱ्यात हिरवट किंवा गुलाबी डाग दिसले तर घाबरू नका, शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकानेही तसं होतं. स्पीकर हटवा, टीव्ही बंद करून वीसेक मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. ती कॉइल थंड झाल्याशिवाय पूर्ण जोराने काम करत नाही, त्यामुळे पटापट चालू-बंद करण्यात अर्थ नाही. तीन-चार वेळा करूनही डाग जात नसतील, तर आतली धातूची जाळी वाकलेली असू शकते.

पांढऱ्या पडद्यावर वरच्या किंवा खालच्या भागात केसाएवढी बारीक आडवी सावली दिसली, तर ती खोट नव्हे. सोनीच्या ट्रिनिट्रॉनसारख्या ट्यूबमध्ये जाळीऐवजी उभ्या पट्ट्या असतात आणि त्या हलू नयेत म्हणून आडव्या तारा ताणलेल्या असतात. लहान टीव्हीत एक, मोठ्यात दोन. दोन दिवसांत तिच्याकडे लक्षही जात नाही.

आता गेम लावा आणि पडदा आडवा सरकेल अशा ठिकाणी जा. जमीन, भिंती, खांब सरकताना कडेला फुगतात का, मधे आक्रसतात का, खांब वाकतात का? थोडं वाकणं जवळपास प्रत्येक सीआरटीत असतं, आणि काच जितकी सपाट तितका कोपऱ्यांतला त्रास जास्त. किंचित फुगीर काचेचे जुने टीव्ही याबाबतीत अनेकदा सरस निघतात. पांढऱ्या अक्षरांच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसली, तर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे तिन्ही झोत एका जागी पडत नाहीयेत. मधोमध ती किनार नको, कोपऱ्यात थोडी असली तर चालवून घ्या. शेवटी अंधाऱ्या दृश्यावरून एकदम उजळ दृश्यावर जा. चित्राचा आकारच फुगला, तर आतला वीजपुरवठा थकला आहे.

मागच्या सॉकेटांचा फोटो काढून ठेवा. एनटीएससी कन्सोल असेल तर मेनूत एनटीएससी ३.५८ किंवा ‘ऑटो’ आहे का तेही बघा. चित्र स्थिर पण कृष्णधवल आलं, तर रंगाची पद्धत जुळत नाहीये. चित्र सतत वर सरकत राहिलं, तर ६० हर्ट्झच जुळत नाहीये. पहिली अडचण आरजीबी किंवा कंपोनंट केबलने सुटते, कारण त्यांत रंग पाल-एनटीएससीच्या भाषेत बांधलेला नसतो. दुसरी केबलने सुटत नाही.

उचलताना काच छातीकडे घ्या, वजन सगळं तिकडेच असतं. गाडीत नेताना पडदा खाली, मऊ गादीवर. आणि मागचं झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. चित्र सरळ करण्याच्या मोहात अनेकांनी जिवावरचा धोका पत्करलाय. ते काम शिकलेल्या माणसाचंच.

दवाखान्यांत आणि स्टुडिओंत वापरले जाणारे व्यावसायिक मॉनिटर, सोनीचे पीव्हीएम वगैरे, यांचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. ते खरंच धारदार दाखवतात. पण बहुतेकांना अँटेनाचं सॉकेट नसतं, चित्रासाठी बीएनसी नावाचे वेगळे प्लग लागतात, आवाज यथातथाच. पहिला टीव्ही म्हणून मी ते सुचवणार नाही. चांगल्या स्थितीतला साधा घरगुती टीव्ही आणि योग्य केबल यांत महिनाभर खेळा, मग ठरवा.

पाचवी पायरी: सपाट टीव्हीवरच खेळायचं असेल तर

जागा नाही, सीआरटी मिळत नाही, अशी अनेकांची स्थिती असते, आणि त्यांनाही नीट खेळता आलं पाहिजे.

टीव्हीला अॅनालॉग सॉकेटं असतील तर आधी तीच वापरून बघा. आजकाल पिवळ्या आणि हिरव्या पिनेसाठी एकच सॉकेट असतं, पिवळी पिन हिरव्यात घालायची आणि मेनूत ‘एव्ही’ निवडायचं. ‘कंपोनंट’ निवडलेलं राहिलं तर चित्र कृष्णधवल येतं. काही टीव्हींना हेडफोनसारखं बारीक भोक असतं, त्यात त्या टीव्हीसोबत आलेलीच वायर लावा. दिसायला तशीच दुसरी वायर लावली तर आतल्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो आणि चित्राऐवजी स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते. शिवाय कंपोनंटमधून २४०पी कित्येक सपाट टीव्ही घेतच नाहीत. प्लेस्टेशन २ चे गेम चालतात आणि त्याच कन्सोलवर पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घातली की पडदा काळा, ही तक्रार त्यामुळेच.

याच्या पुढे जायचं तर कन्व्हर्टर लागतो. छोट्या डबीतले साधे कन्व्हर्टर २४०पीला ४८०आयच समजतात, म्हणजे लुकलुकणारा नायक पुन्हा चिरलेलाच. जुन्या गेमसाठी मुद्दाम बनवलेला घ्या. ओएसएससी नावाचा ओळी साठवत न बसता आल्या आल्या दोन, तीन, चार पटींनी काढतो, उशीर जवळपास नाही. पण तो कन्सोलचा मूळ वेग तसाच पुढे पाठवतो, आणि एसएनईएससारख्या कन्सोलचा वेग ६० हून किंचित जास्त, ६०.१ हर्ट्झच्या आसपास असतो. काही टीव्ही एवढ्यानेही अडून बसतात. शिवाय त्याच्या मूळ रूपात पिवळ्या पिनेची किंवा एस-व्हिडिओची सोय नाही. रेट्रोटिंक २एक्समध्ये ती आहे, नवख्याला तो सोपा पडतो. रेट्रोटिंकचेच ५एक्स आणि २०२३ मधला ४के हे पुढचे.

इथे एक हिशोब कामाला येतो. २४० ला ९ ने गुणलं की बरोबर २१६० येतात, म्हणजे ४के पडद्याची उंची. प्रत्येक ओळ नऊ ओळींत नेमकी बसते. १०८० ओळींच्या पडद्याला असं होत नाही, चार पटीने ९६० होतात आणि वर-खाली काळी पट्टी राहते, पाच पटीने १२०० होतात आणि कड कापली जाते. मी १०८० वर पाच पट निवडतो. एसएनईएसच्या बहुतेक गेमचं चित्र २२४ ओळींचं असतं आणि त्यातल्या २१६ दिसतात. वर चार आणि खाली चार ओळी गेल्याने क्वचितच काही अडतं, कारण कडा झाकल्या जाणार हे गेम बनवणाऱ्यांनी त्या काळातही धरलेलंच होतं.

शेवटची पायरी: मांडणी

सपाट टीव्हीवर गेम मोड चालू करा, तो नसेल तर काही टीव्हींवर उशीर १०० मिलिसेकंदांपर्यंतही जातो. चित्र गुळगुळीत करणारे, हालचाल मऊ करणारे, रंग खुलवणारे सगळे पर्याय बंद. शार्पनेस खाली आणा. आणि गुणोत्तर ४:३ ठेवा. पसरून पडदाभर केलेलं चित्र मला बघवत नाही, गोल नाणी लंबगोल होतात.

दोन्ही प्रकारच्या टीव्हींवर ‘२४०पी टेस्ट सूट’ हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी आहे, तो बऱ्याच जुन्या कन्सोलांवर चालतो. आधी त्यातले काळ्या-करड्या पट्ट्यांचे पॅटर्न लावून ब्राइटनेस असा ठेवा की सगळ्यात गडद पट्टी जेमतेम वेगळी दिसेल. मग जाळीचा पॅटर्न लावून कडा बघा. सीआरटी कडेचा थोडा भाग नेहमीच झाकतो. आकार सर्व्हिस मेनूतून, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या मेनूतून, बदलायचा असेल, तर हात लावण्यापूर्वी प्रत्येक आकडा कागदावर लिहून तो कागद टीव्हीच्या पाठीला चिकटवा, मागे वळायची वाट तीच. एका वेळी एकच आकडा बदला.

मग टेस्ट सूट बंद करून आपला नेहमीचा गेम लावा. वरच्या कोपऱ्यातला गुणांचा आकडा आणि खालची प्राणांची पट्टी, दोन्ही पूर्ण दिसत असतील तर आणखी काही फिरवू नका, कंट्रोलर घ्या.